मागून येणारी टाळी

जैनथ,
२० ऑक्टोबर २०२४

ती. रुख्मिणीअक्कास,
खुशालचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र दसऱ्यानंतर मिळालं. फोनवर मी सोयाबीन भिजल्याचं सांगतो आणि तू पलीकडून बरं झालं बाई म्हणतेस, तेव्हा आपलं पत्रच बरं. कानाचं मशीन माझ्या अमरदीपने एवढं हैदराबादहून आणून दिलं, ते तू कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलंस असं प्रीतीने मला कळवलं आहे. तुझी लेक आहे म्हणून रागावू नकोस तिच्यावर. मशीन शिट्ट्या मारतं हे मलाही ठाऊक आहे, पण साड्यांना ते ऐकवून काय उपयोग?

आता एक बातमी. मी पुन्हा धावायला लागलो आहे. यशोधरा गेली, संसार संपला, तेव्हापासून मैदानाकडे फिरकलो नव्हतो, हे तुला माहीत आहेच. बूट खाटेखाली पडून होते, त्यात पालीने अंडी घातली होती. पण यंदा मला पासष्ट पूर्ण झाली. ज्येष्ठांच्या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात. साठच्या गटात मी शेवटी शेवटी सगळ्यांत म्हातारा होतो, आता पासष्टच्या गटात मी सगळ्यांत पोरगा. म्हातारं होण्याचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे. यशोधराच म्हणायची की, मास्तर, पासष्टी लागू द्या, मग बघा. ती पासष्टी लागली. जानेवारीत वरंगलजवळ हनमकोंड्याला राज्याची स्पर्धा आहे. मला तिथे शंभर मीटर धावायचं आहे, आणि नीट धावायचं आहे. यापलीकडे सध्या मला काही नको आहे.

अडचण एकच. धावणं एकट्याला जमतं, पण सुटणं जमत नाही. टाचेने काळ्या मातीत दोन खळगे करायचे, हात टेकून वाकायचं, आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली की सुटायचं. तेवढ्या एका टाळीसाठी यशोधरा रोज पहाटे डोक्यावरून शाल घेऊन पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसायची. आता ओट्यावर कावळे बसतात. चहावाल्या डोमाजीला सांगून पाहिलं. दोन दिवस त्याने वाजवली, तिसऱ्या दिवशी म्हणाला, गुरुजी, गिऱ्हाईक सोडून मी तुमच्या मागं टाळ्या वाजवत बसू काय. शिवाय येणारे-जाणारे विचारतात, गुरुजी काऊन धावून राह्यले, कोणी मागं लागलं काय. अमरदीपने फोनमध्ये एक यंत्र घालून दिलं, ते इंग्रजीत हुकूम देतं आणि फटाका फोडतं. पण हुकूम आणि फटाका यांतलं अंतर रोज तेवढंच. दोनच सकाळींत पायांना ते पाठ झालं. म्हणून आता मनातल्या मनात मोजतो आणि आपला आपण सुटतो.

काळजी करू नकोस. आदिलाबादला छातीची ईसीजीची पट्टी काढून घेतली, डॉक्टर म्हणाले घोडा आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस का ते लिही.

तुझा धाकटा,
खुशाल

बेल्लमपल्ली,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. खुशाल यास,
रुख्मिणीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी बराच वेळ हसत होते. शेजारच्या राजव्वाने भिंतीवरून डोकावून हातवारे केले, काय झालं म्हणून. मी तिला अर्ध्या चड्डीतला माझा भाऊ करून दाखवला. तिला वाटलं तुला लकवा झाला. ती चांगली आहे रे, पण बाकीचे आता माझ्याशी बोलत नाहीत. मोठ्याने बोलावं लागतं, मग घरातल्या गोष्टी गल्लीला कळतात. आधी बाया दारात बसायच्या, आता हसून पुढे जातात. हसायला आवाज लागत नाही ना. मशीन घालून पाहिलं, त्यात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त ऐकू येतात. प्रीती करीमनगरहून महिन्यातून एकदा येते आणि माझ्या कानाशी भांडून जाते.

तुझ्या वयाची माणसं पेपर वाचतात, तू धावतोस. धाव बाबा. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं. पण पडू नकोस. तुझ्या भाऊजींची हाडं खाणीत दोनदा मोडली होती, तेव्हा मी तरुण होते, उचललं. आता तुला उचलायला मी नाही येणार.

यशोधराच्या जागेवर कावळे बसतात असं लिहिलंस. ते वाचून मग हसू थांबलं. तू रोज नीट जेवतोस का? खरं लिही. शिक्षकांसारखं लिहू नकोस.

माया आहेच, ती काही कमी होत नाही.
तुझी,
अक्का

जैनथ,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

काल आदिलाबादला जिल्ह्याची स्पर्धा झाली. मी धावलो नाही. म्हणजे मीच धावलो, आणि एकटाच धावलो, म्हणून धावू दिलं नाही.

नीट सांगतो. रांगेत आम्ही पाचजण होतो. वाकलो. तयार म्हटलं. आणि बंदूक वाजायच्या आधी मी सुटलो. चांगला अर्ध्या अंतरापर्यंत गेलो, बाजूला कुणी दिसेना, तेव्हा मला वाटलं काय वेगात निघालो आहे आज. एवढा आनंद मला वर्षात झाला नव्हता. मग मागून शिट्टी ऐकू आली. वळून पाहतो तर चौघे अजून वाकलेलेच, आणि माझ्याकडे बघत आहेत. एकदा चुकलं की बाद, असा आता नियम आहे. लाल पाटी दाखवली. मला त्या चौघांच्या समोरून चालत परत यावं लागलं, आणि ती वाट धावण्यापेक्षा फार लांब होती.

स्पर्धेचे प्रमुख भगवंतराव. आमच्या वेळचे व्यायामशिक्षक, माणूस चांगला. बाजूला घेऊन म्हणाले, खुशालराव, घाई काऊन केली. मी घाई केलीच नव्हती. मी मोजलं होतं. रोज पहाटे जेवढं मोजतो तेवढंच मोजलं आणि निघालो. इतके दिवस माझाच हुकूम आणि माझेच पाय. बंदूक दुसऱ्याच्या हातात असते, हे पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. भगवंतरावांनी सांगितलं की या गटात नावं कमी आहेत, राज्याला तुमचं नाव पाठवतो, पण तिथे असं झालं तर मीच मान खाली घालीन.

आज सकाळी मैदानावर गेलो. न मोजता वाकून पाहिलं. पण न मोजता मग सुटायचं कशावर? बराच वेळ तसाच राहिलो आणि उठून घरी आलो. अक्का, खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. सकाळचा भात रात्री खातो. दिवसभरात कधी कधी डोमाजीशी चहा सांगण्यापुरतं बोलणं होतं, बाकी तोंड मिटलेलं. अमरदीप रविवारी फोन करतो, पण त्याला सगळं ठीक आहे एवढंच हवं असतं आणि मी तेवढंच देतो. हनमकोंड्याचं नाव मागे घ्यावं असं मनात येतं.

तुझाच,
खुशाल

बेल्लमपल्ली,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. खुशाल यास,
आशीर्वाद.

नाव मागे घेशील तर माझ्याशी गाठ आहे.

मी मंगळवारच्या बसने निघते. मंचिर्यालला बदलून आदिलाबादला दुपारी पोचते. स्टँडवर ये, मला फलाटाच्या घोषणा ऐकू येत नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरच्या शेवटी ठरलं आहे, तोवर मी मोकळी आहे. तशी मी नेहमीच मोकळी असते.

तुला टाळी ऐकायची आहे, मला नाही. वाजवायला कान लागत नाहीत. हात माझे अजून धड आहेत, भाऊजींचे कपडे दगडावर आपटून झालेले हात आहेत हे.

घरात ज्वारीचं पीठ आहे का? नसेल तर मी आणते. शिळा भात कुत्र्याला घाल.

अक्का

जैनथ,
२२ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

परवा तुझी बस सुटली. मी स्टँडवरून चालत निघालो, बाजारापर्यंत आल्यावर आठवलं की जैनथचा ऑटो उलट्या बाजूला मिळतो. घरी आलो तर तू भाकरी फडक्यात बांधून ठेवलेल्या. दोन दिवस पुरवल्या. आज संपल्या.

तुझ्याइतकी वाईट टाळी वाजवणारी बाई मी पाहिली नाही, आणि हे मी कौतुकाने लिहितो. कधी वाकायच्या आधीच वाजवायचीस. कधी कापसाचा ट्रॅक्टर गेला की त्याच्याकडे बघत राहायचीस आणि मी पुढे तुझी वाट बघत थरथरत असायचो. हाका मारून काय उपयोग, तुला ऐकू यायचं नाही. यशोधरा घड्याळासारखी वाजवायची. तिच्या टाळीची मला सवय होती, तुझ्या टाळीची सवय कुणालाच लागणार नाही. पहिला आठवडा मी रोज आधीच सुटलो. मग कधीतरी मोजणं बंद झालं. बंद झालं तेही कळलं नाही, फक्त मागे अक्का आहे आणि ती वाजवेल, एवढंच डोक्यात राहिलं.

त्या एका सकाळी तू वाजवलीच नाहीस. मी वळून पाहिलं तर तू ओट्याकडे बघत उभी होतीस आणि डोळे पुसत होतीस. घरी येताना तू एवढंच म्हणालीस की, ही रोज इथं एकटीच बसे काय रे. एकटी नसायची अक्का. मी समोर असायचो.

काल पहाटे एकटाच गेलो. खळगे केले, वाकलो, आणि वाट बघत राहिलो. टाळी येणार नाही हे माहीत असून वाट बघत होतो. गुरं घेऊन चाललेला उद्धवराव थांबला, त्याला वाटलं माझी कंबर धरली. हात द्यायला आला बिचारा. म्हणजे तुझं काम झालं आहे, आता मी आधी सुटत नाही, सुटतच नाही.

शर्यत पाच जानेवारीला, रविवारी, सकाळी बरोबर दहाला आहे. तू यावंस असं फार वाटतं. पण डोळा आधी. डॉक्टर सांगतील तसंच कर, मला सांगतेस तसं त्यांना सांगू नकोस.

तुझा,
खुशाल

बेल्लमपल्ली,
३० डिसेंबर २०२४

चि. खुशाल यास,
आशीर्वाद.

ऑपरेशन शुक्रवारी झालं. एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वर-खाली झाल्या तर मास्तरकी करू नकोस. प्रीती दोन दिवस राहून गेली. तिच्या मुलांची शाळा आहे. बसमध्ये बसायचं नाही, धुळीत जायचं नाही, खाली वाकायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. लिहून दिलं म्हणून कळलं, नाहीतर तेही हसूनच सांगत होते.

म्हणून मी येत नाही. मला वाईट वाटतं आहे, ते लिहून टाकते म्हणजे संपलं. तुझ्याकडून आल्यापासून घर फार गप्प वाटतं. मी बहिरी, मला कसलं गप्प, तरी वाटतं. तिथे सकाळी उठले की जायला एक जागा होती आणि माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

अमरदीप येणार आहे का? त्याला सांग, आत्याने सांगितलं आहे म्हणून. शनिवारी रात्री जड खाऊ नकोस. रविवारी दहा वाजता, लक्षात आहे.

तुझी,
अक्का

(हे पत्र अर्धंच राहिलं, टपालात पडलं नाही.)

जैनथ,
६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

आत्ताच घरी पोचलो, पिशवी न सोडता लिहायला बसलो आहे. पेटीतलं टपाल आज निघून गेलं, उद्या टाकीन.

शर्यत दहाला झाली नाही. पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत. आल्याशिवाय उद्घाटन नाही, उद्घाटनाशिवाय शर्यत नाही. आम्ही म्हातारे चड्ड्या घालून मंडपात बसलो. दहाचे बारा झाले, जेवणाची पाकिटं वाटली, धावायचं म्हणून कुणी खाल्लं नाही. शेवटी साडेतीनला आमचा गट बोलावला.

एवढ्या वेळात मी सगळ्यांची माणसं पाहिली. कुणाची बायको पाण्याची बाटली धरून, कुणाची सून पाय चोळून देते आहे. पाठीवर नंबराचं कापड लावायचं असतं, ते आपल्या हाताने लावता येत नाही. मी ते हातात धरून फिरत होतो. शेवटी एक पंचाहत्तरीचे गृहस्थ म्हणाले, तुम्ही माझं लावा, मी तुमचं लावतो. त्यांचंही कुणी आलेलं नव्हतं. अमरदीप येतो म्हणाला होता. त्याच्या घरी पाण्याची टाकी फुटली. खरंच फुटली असेल.

वाकलो. अक्का, तेव्हा जे वाटलं ते तुलाच लिहितो. मातीकडे बघताना वाटलं, या वेळी मी इथे वाकलो आहे हे जगात कुणालाच ठाऊक नाही. तू दहाला आठवण काढली असशील आणि मग आपल्या कामाला लागली असशील. अमरदीपला वाटत असेल केव्हाच झाली. मी आत्ता इथून उठून गेलो तरी कुणाचं काही अडणार नाही. एवढं एकटं मला यशोधरा गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं.

शेजारचा आधीच सुटला, त्याला बाद केलं. पुन्हा वाकलो. मी हललो नाही. बंदूक वाजली तेव्हा सुटलो आणि धावलो. आठांत पाचवा. पोचलो तेव्हा सगळ्यांचे फोन आपापल्या माणसाकडे वळलेले होते. मी बूट सोडले आणि

बेल्लमपल्ली,
५ जानेवारी २०२५

चि. खुशाल यास,
आशीर्वाद.

आज रविवार. तू दमून घरी जाशील, मग तुझं पत्र येईल, तोवर मला धीर नाही.

सकाळी आंघोळ करून पांढरं पातळ नेसले. राजव्वाला विचारलं वरंगल कुठल्या अंगाला. तिने रुळांकडे हात केला. पावणेदहापासून घड्याळासमोर बसले होते. दहाला अंगणात जाऊन रुळांकडे तोंड करून उभी राहिले. डोळ्यावर काळा चष्मा, डॉक्टरांना सांगू नकोस. मनात म्हटलं, जागेवर. मग म्हटलं, तयार. तुला थोडं थांबवलं. तुझी चड्डी, तुझे ते वाळलेले पाय, मान खाली घातलेली, सगळं मला दिसत होतं, पट्टी बांधलेल्या डोळ्यालाही. मग जोरात टाळी वाजवली. हात अजून चुरचुरतो आहे. राजव्वा काठी घेऊन धावत आली. तिला वाटलं माकडं आली.

मग तिथेच पायरीवर बसले आणि रडले थोडी. वाईट वाटून नाही. किती दिवसांनी मी कुणाबरोबर तरी काही केलं असं वाटलं.

कितवा आलास ते लिही, न लिही. मला एकच विचारायचं आहे. हसशील तर हस. तुला ती पोचली का?

तुझी,
अक्का

जैनथ,
१० जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. दोनदा वाचलं, मग दिवा लावायचा राहिला होता तो लावला.

स्पर्धेची व्यवस्था फार चांगली होती. पाहुणे वेळेवर आले, भाषण आवरतं घेतलं, आणि ठरल्याप्रमाणे बरोबर दहाला आमची शर्यत लागली. मिनिटही इकडेतिकडे नाही. एका चांगल्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर नंबर लावून दिला. शेजारचा घाईने आधीच सुटला, तो बाद झाला. मी हललोसुद्धा नाही. पाचवा आलो. भगवंतरावांना मान खाली घालावी लागली नाही.

डोळा बरा झाला की ये. या वेळी पिशवी मोठी घेऊन ये, भाऊजींचा फोटोही त्यात बसेल अशी. इथे अंगण आहे, ऊन आहे, आणि सकाळी जायला जागा आहे. डोमाजी तुझी आठवण काढतो, गुरुजी, ते मोठ्या बाई कधी येऊन राह्यल्या म्हणून विचारतो.

बाकी, तू विचारलंस त्याचं उत्तर. वाकलो होतो तेव्हा मागे कुणी नव्हतं. मग टाळी आली. रुळांच्या अंगानेच आली.

पोचली, अक्का.

तुझा धाकटा,
खुशाल